भाडेकरारातल्या 'लीव्ह'चा अर्थ 'सोडणं' नाही, मग काय आहे?

घणसोली असो, खारघर असो की कामोठे, इस्टेट एजंटांच्या दुकानांच्या रांगेसमोर दोन मिनिटं उभं राहून पाट्या वाचल्या की गंमत लक्षात येते. एका पाटीवर 'लीव्ह अँड लायसन्स', शेजारच्या पाटीवर 'लिव्ह अँड लायसन्स', आणि पुढे कुठेतरी इंग्रजीत चक्क 'राहणे' या अर्थाच्या 'लिव्ह'चं स्पेलिंग. एल-आय-व्ही-ई.

ही चूक समजण्यासारखी आहे. घर भाड्याने घ्यायचं ते राहायलाच ना? मग 'लिव्ह' बरोबर वाटतं. ज्यांना स्पेलिंग नीट माहीत असतं, ते आणखी गोंधळतात. एल-ई-ए-व्ही-ई म्हणजे सोडून जाणं. घरात राहायला जायच्या कागदावर 'सोडून जाणं' का लिहिलंय? मग कोणीतरी आत्मविश्वासाने सांगतं, "अकरा महिने झाले की सोडायचं, म्हणून लीव्ह." ऐकायला पटतं, आणि असं स्पष्टीकरण ग्रुपवर एकदा फॉरवर्ड झालं की ते खरं मानलं जातं.

खरं उत्तर वेगळं आहे. या कागदावरच्या 'लीव्ह'चा अर्थ आहे परवानगी. घर सोडण्याशी त्याचा संबंध नाही आणि राहण्याशीही थेट नाही. हा अर्थ नीट कळला तर नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला आपल्या हातात नक्की काय आहे आणि काय नाही, हे बऱ्यापैकी समजतं. कारण हा कागद तुम्हाला जुन्या अर्थाने 'भाडेकरू' करतच नाही.

एक स्पेलिंग, तीन शब्द

आपण 'लीव्ह' हा एकच शब्द समजतो. प्रत्यक्षात इंग्रजीत हे वेगवेगळ्या मुळांचे शब्द आहेत आणि शतकांच्या उच्चारबदलांत ते एकमेकांसारखे दिसायला लागले.

पहिला, सोडून जाणं किंवा मागे ठेवणं. झूम मीटिंगमध्ये कोपऱ्यात लाल रंगाचं बटण असतं तो हा 'लीव्ह'. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कोणी बाहेर पडलं की खाली दिसणारं 'लेफ्ट' हे त्याचंच भूतकाळी रूप. शाळेचं 'लीव्हिंग सर्टिफिकेट' म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला, तोही याच घरातला. (तिथेही अनेक जण 'लिव्हिंग' लिहून जिवंत असल्याचा दाखला मागतात, ते असो.)

दुसरा, झाडाचं पान. 'लीफ'चं अनेकवचन 'लीव्हज'. याचा आपल्या विषयाशी काही संबंध नाही, पण स्पेलिंग जवळचं असल्याने गोंधळात भर घालतो.

तिसरा 'लीव्ह' म्हणजे संमती, मुभा, परवानगी. जुन्या इंग्रजीत हा पूर्ण वेगळा शब्द होता. त्याचं नातं 'सोडणे'शी नसून आवडणं, मान्य असणं या अर्थाच्या शब्दांशी आहे. 'लव्ह' आणि 'बिलीव्ह' हे त्याचे लांबचे भाऊबंद. जर्मन भाषेत सुट्टीला 'उरलाउब' म्हणतात, त्याचं मूळही परवानगीच.

ऑफिसातली 'लीव्ह' ही तिसरी. 'आय अॅम ऑन लीव्ह' म्हणजे मी काम सोडून गेलोय असं नसून, मला गैरहजर राहायची परवानगी मिळाली आहे. 'सिक लीव्ह' म्हणजे आजारपणासाठी मिळालेली परवानगी, 'मॅटर्निटी लीव्ह' म्हणजे बाळंतपणासाठीची. म्हणूनच लीव्ह 'सँक्शन' करावी लागते. नुसती सोडून जायची गोष्ट असती तर एचआरच्या पोर्टलवर अर्ज टाकून मॅनेजरच्या 'अप्रूव्ह'ची वाट कशाला बघावी लागली असती? सैन्यात न सांगता गायब झालेल्याला 'अॅबसेंट विदाउट लीव्ह' म्हणतात, तेव्हा तर हा अर्थ अगदी उघडा पडतो. 'लीव्ह' म्हणजे जाणं असतं, तर 'न जाता गैरहजर' असा विचित्र अर्थ झाला असता.

मराठीत हे आधीपासूनच आहे

हे सगळं परकं वाटत असेल तर आपल्या 'रजा' या शब्दाकडे बघा. मूळ अरबी, फारसीतून मराठीत आलेला. मूळ अर्थ संमती, मर्जी, परवानगी. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रव्यवहारात रजा म्हणजे परवानगी किंवा आज्ञा. पुढे ती 'जाण्याची परवानगी' झाली, मग 'कामावर न येण्याची परवानगी', आणि आता आपण ती मोजून वापरतो, बारा सीएल, सात एसएल. 'बराय, रजा घेतो' असं म्हणून जुनी माणसं उठायची ते याच अर्थाने. समोरच्याच्या परवानगीने निघणं. इंग्रजीतलं 'टेक लीव्ह' तंतोतंत तसंच आहे. एकाने दुसऱ्याचं भाषांतर केलेलं नाही, दोन्ही भाषांना ती रीत स्वतंत्रपणे सापडली.

रजेचं कुटुंबही मोठं आहे. राजी, नाराज आणि राजीनामा हे तिन्ही शब्द त्याच मुळातले. राजीनामा म्हणजे आधी लेखी संमतीपत्र, नंतर नोकरी सोडण्याचा कागद. रजा नाकारली, माणूस नाराज झाला, त्याने राजीनामा दिला. कॉर्पोरेट आयुष्याची अख्खी गोष्ट एकाच धातूत बसते.

'सुट्टी' मात्र वेगळी. ती 'सुटणे'मधून आली. रविवारी सुट्टी असते, त्यासाठी कोणाकडे अर्ज करत नाही. रजा मागावी लागते. बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, पण ऑफिसच्या कागदावर अजून तो फरक जपलेला असतो.

आता बातम्यांमधला एक नमुना. सर्वोच्च न्यायालयात 'एसएलपी' दाखल झाली असं आपण सतत वाचतो. त्याचं पूर्ण रूप 'स्पेशल लीव्ह पिटिशन'. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ नुसार सर्वोच्च न्यायालय अपील करण्याची खास परवानगी देऊ शकतं, ती मागणारा हा अर्ज. मराठीत त्याला 'विशेष अनुमती याचिका' म्हणतात आणि तिथे 'लीव्ह'चा अर्थ कोणाला शंका राहणार नाही इतका स्पष्ट आहे. मशीनने केलेल्या भाषांतरात कधी कधी 'विशेष रजा याचिका' असंही वाचायला मिळतं. हसू येतं खरं, पण रजेचा जुना अर्थ धरला तर मशीन नकळत बरोबर आहे.

मग 'अँड लायसन्स' कशाला?

लायसन्स म्हणजेही परवानगी. म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'चा शब्दशः अर्थ 'परवानगी आणि परवानगी'.

हे ब्रिटिश कायद्याच्या भाषेचं वळण आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार आणि कोर्टात फ्रेंच-लॅटिन शब्द आले, सामान्य माणूस इंग्रजीच बोलत राहिला. वकिलांनी मग एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने लिहायची सवय लावून घेतली, एक देशी आणि एक दरबारी. 'लीव्ह' देशी, 'लायसन्स' लॅटिनमधून फ्रेंच मार्गे आलेला. 'विल अँड टेस्टामेंट' हीसुद्धा अशीच जोडी. आपल्याकडे कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट हे शब्द घ्या. एक बाजू फारसी-अरबीकडची, दुसरी संस्कृत-प्राकृतातली, अर्थ जवळपास तोच. 'कागद' म्हटल्यावर 'पत्र' म्हणायची गरज नसते, तरी कागदपत्र म्हटल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

इंग्लंडच्या कोर्टात 'लीव्ह अँड लायसन्स' हा एक ठरलेला बचावही होता. एखाद्याने 'हा माणूस माझ्या जागेत घुसला' असा दावा केला, की दुसरा म्हणायचा, "मी घुसलो नाही, याने मला लीव्ह आणि लायसन्स दिलं होतं." म्हणजे परवानगी होती, म्हणून ती घुसखोरी नव्हती.

नवी मुंबईतला तुमचा भाडेकरार याच विचारावर उभा आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करायची मुभा, जी मुभा नसती तर ती गोष्ट बेकायदा ठरली असती. आणि याच व्याख्येत पुढे महत्त्वाची अट आहे, की या मुभेमुळे त्या जागेत तुमचा कसलाही हितसंबंध तयार होत नाही.

म्हणून करारात 'भाडेकरू' हा शब्द नसतो. घरमालक असतो 'लायसन्सॉर', तुम्ही 'लायसन्सी'. तुम्ही दर महिन्याला देता त्याला 'रेंट' म्हटलेलं नसतं, 'लायसन्स फी' म्हटलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर मालक "रेंट कधी टाकताय?" असं विचारतो ते बोलण्यापुरतं. कागद शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर असतो.

लीज वेगळी, लीव्ह वेगळी

दिसायला जवळचा आणखी एक शब्द म्हणजे 'लीज', आपला भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०५ नुसार लीजमध्ये मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्कच दुसऱ्याकडे हस्तांतरित होतो. मालकी जात नाही, पण त्या काळापुरता मालमत्तेत तुमचा हक्क तयार होतो. लायसन्समध्ये तसं काही होत नाही.

नवी मुंबईत हे दोन्ही शब्द बहुतेक वेळा एकाच फ्लॅटमध्ये राहतात, एकमेकांच्या डोक्यावर. हे शहर १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलं आणि इथले बहुतेक भूखंड सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. नेरुळमध्ये फ्लॅट विकत घेतलेला माणूस स्वतःला मालक म्हणतो, पण त्याच्या इमारतीखालची जमीन लीजवर असते. (ही मुदत वाढवणं, जमीन फ्रीहोल्ड करणं, हा इथल्या प्रत्येक निवडणुकीत निघणारा मुद्दा आहे, त्यावर वेगळा लेख होईल.) त्याच फ्लॅटमध्ये तो तीन मुलींना ठेवतो, त्या लीव्ह अँड लायसन्सवर. मालकाला लीजने हक्क मिळालेला आहे, मुलींना फक्त मुभा.

शब्दांचा हा खेळ कोणी सुरू केला?

त्यासाठी खाडीपलीकडे मुंबईत जावं लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मोठं संरक्षण दिलं. युद्धानंतर आणि फाळणीनंतर घरांची भीषण टंचाई होती, मालक मनमानी भाडं मागत होते, त्यामुळे कायद्याची गरज खरी होती. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीच्या आधाराने बांधून टाकली आणि भाडेकरूला बाहेर काढणं फार अवघड केलं.

त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की एकदा ठेवलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहणार हे मालकांना कळून चुकलं. मग पळवाट शोधली गेली. कागदावर 'भाडं' लिहायचंच नाही, 'लीव्ह अँड लायसन्स' लिहायचं. मी घर भाड्याने दिलेलं नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे. भाडेकरू नाही म्हणजे भाडेकरूचं संरक्षणही नाही.

कोर्टांना ही चलाखी दिसत होती. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात त्यावर बोट ठेवलं. दिल्लीच्या इंपिरियल हॉटेलातल्या खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या आणि करारावर 'लायसन्स' लिहिलं होतं. न्यायालयाने बहुमताने सांगितलं की कागदावर काय नाव घातलंय त्यापेक्षा व्यवहार खरोखर काय आहे ते पाहायचं, आणि तो व्यवहार लीज ठरवला. लीज की लायसन्स असा वाद निघाला की आजही वकील या निकालाचा दाखला देतात.

१९७३ मध्ये राज्य सरकारने आणखी मोठं पाऊल टाकलं. भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर घरात राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. काल ज्याच्याकडे नुसती मुभा होती, त्याच्याकडे आज हक्क आला. मालकांनी त्याचा धडा घेतला आणि मुदतीबद्दल ते जास्तच सावध झाले. आज "अकरा महिन्यांवर देत नाही, आणि दिलं तर मध्ये गॅप ठेवतो" असं सांगणारे वयस्कर घरमालक भेटतात, त्यांच्या मनात ही जुनी भीती अजून घर करून आहे. त्यांना कोणी सांगितलेलं नाही की मधल्या काळात कायदाच बदलला.

आता कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि 'लीव्ह अँड लायसन्स'ला त्याने पळवाटेतून बाहेर काढून राजरोस जागा दिली. म्हणूनच आज नवी मुंबईत राहायला घर भाड्याने घ्यायचं म्हटलं की जवळपास याच कागदावर सही करावी लागते.

कायद्याचं कलम ५५ प्रत्येकाला पाठ असायला हवं. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. कितीही महिन्यांचा असो. 'अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही' ही समजूत महाराष्ट्रापुरती सरळ चुकीची आहे. ती आली कुठून? नोंदणी कायदा १९०८ नुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्यात ही सवलत ठेवली नाही, पण अकराचा आकडा लोकांच्या तोंडी राहून गेला.

नोंदणीची जबाबदारी कोणाची? मालकाची. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. नोंदणी केली नाही आणि दोष सिद्ध झाला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून कामाची तरतूद अशी, की नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे सिद्ध होईपर्यंत. म्हणजे करार रजिस्टर न करून मालक स्वतःचंच नुकसान करतो. स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असं होत नाही. नोटरी वेगळी, रजिस्ट्रेशन वेगळं.

खर्चही फार नसतो. समजा कोपरखैरणेत फ्लॅट घेतला, महिना २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने. भाड्याची एकूण रक्कम झाली २ लाख ७५ हजार. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं साधारण ९,१६७ रुपये. दोन्हींची बेरीज करून तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्काचा हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू आहे. एजंट सांगतो तो आकडा यापेक्षा बराच मोठा असतो, कारण त्यात त्याची फी आणि घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेण्याचे पैसे धरलेले असतात. त्यातले सरकारी किती आणि त्याचे किती, हे विचारायला लाजू नये.

आणि नोंदणी झाल्यावर त्या कराराची प्रत स्वतःकडे घ्यायची. ती मालकाच्या मेलवर राहते आणि गरज पडते तेव्हा मालक फोन उचलत नाही, हा अनुभव अनेकांना आहे.

परवानगी असणं म्हणजे नक्की किती?

ऐरोलीत नोकरी करणारी एक मुलगी समजा. तिच्याकडे नोंदवलेला करार आहे, ती वेळेवर पैसे देते. तिच्या मुदतीत मालकाने फ्लॅट विकला तर? सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की जागा दुसऱ्याला हस्तांतरित झाली, तर नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. मुभा जुन्या मालकाने दिली होती, नव्याने नाही. लीज असती तर चित्र वेगळं असतं. म्हणून करार करतानाच 'विक्री झाल्यास किती दिवसांची नोटीस' हे लिहून घेणं शहाणपणाचं. बहुतेक छापील नमुन्यांत ही ओळ नसते.

तिने तिची खोली परस्पर मैत्रिणीला देऊन गावी जायचं ठरवलं तर? तेही चालत नाही. निवासाचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. परवानगी तिला मिळाली आहे, ती देऊन टाकायची वस्तू नाही. तुमची मंजूर रजा सहकाऱ्याला वापरता येत नाही, तसंच हे.

मुदत संपल्यावरही ती राहिलीच तर? १९९९ च्या कायद्याचं कलम २४ इथे कडक आहे. लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यायची. दिली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, नवी मुंबई त्यासाठी कोकण विभागात येते. आणि मुदतीनंतर जेवढे दिवस जागा अडवून ठेवली, तेवढ्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने द्यावी लागते. २५ हजारांच्या घराचे महिन्याला ५० हजार.

याच कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे. अशा अर्जाच्या सुनावणीत लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. "काका म्हणाले होते, तीन वर्षं आरामात राहा" याला तिथे किंमत उरत नाही. कागदावर अकरा लिहिलंय तर अकरा. १९५९ च्या निकालात कागदामागचा व्यवहार पाहिला गेला होता, इथे कायद्यानेच कागदाला झुकतं माप दिलंय. तेव्हा सही करायच्या आधी निदान मुदत, नोटीस, लॉक-इन आणि डिपॉझिट परत करण्याची ओळ, एवढं तरी स्वतः वाचावं. बायोमेट्रिकवाला दारात उभा असतो, घाई करत असतो, तरीही.

दुसऱ्या बाजूने, मालकाला मुदत संपल्यावर कुलूप बदलून सामान जिन्यात काढून ठेवायचा मोह झाला, तर कायद्याने त्याच्यासाठी ठेवलेला रस्ता हा अर्जाचा आहे, कुलपाचा नाही. परवानगी संपली म्हणजे माणूस लगेच घुसखोर झाला आणि त्याच्याशी कसंही वागता येतं, असं नाही.

मुदतीआधीच मालकाने परवानगी काढून घेतली तर आधी करारातली नोटीसची अट बघायची. साधारणपणे एक महिना लिहिलेला असतो, पण गृहीत धरू नये. आणि करारात काहीच लिहिलेलं नसेल, तरी सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ आहे. लायसन्स रद्द झालं की लायसन्सीला जागेतून निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळायलाच हवा, असं ते म्हणतं. या कलमाच्या इंग्रजी मजकुरात निघून जाण्यासाठी शब्द वापरलाय 'लीव्ह'. हा मात्र तो पहिला, झूमच्या लाल बटणावरचा.